बदलापूरची नदी, वसईची वेस

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन स्टेशनांच्या मुलांना कुणी विचारलं, की तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे, तर उत्तरं ठरलेली असतात. अंबरनाथचं शके ९८२ मधलं, म्हणजे इ.स. १०६० चं शिलाहारकालीन शिवमंदिर. हाजी मलंगचा डोंगर. बदलापूरजवळचं बारवी धरण. उल्हासनगरात काय, तर बाजार. नदीचं नाव मात्र कुणी घेत नाही. वास्तविक या तिन्ही गावांची तहान ज्या पाण्यानं भागते त्यातलं बरंचसं उल्हास नदीचं. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरात ती उगम पावते, कर्जत-नेरळवरून बदलापूरला येते, कल्याणपाशी रुंद होते, पुढं तिची खाडी होते आणि वसईला ती समुद्राला मिळते. आम्ही दोघी बहिणी याच नदीचं पाणी पिऊन वाढलो, पण ती शेवटी जाते कुठं, हे आम्हाला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

ते कळलं जानेवारी २००४ मध्ये. आम्ही दोघी एकाच कॉलेजात, थोरली टी.वाय.ला आणि धाकटी एस.वाय.ला. दोघींचा विषय इतिहास. कॉलेजच्या इतिहास मंडळानं वसईच्या किल्ल्याची एका दिवसाची सहल काढली. माणशी ऐंशी रुपये, डबा ज्याचा त्यानं आणायचा. सरांनी वर्गात सांगितलं, "युरोपातलं एक सरहद्दीवरचं शहर बघायला चला. पासपोर्ट लागत नाही, दिव्याला गाडी बदलली की झालं." सगळे हसले. आम्हाला वाटलं, सर नेहमीसारखी गंमत करतात.

घरी परवानगी मिळवणं हे वसई जिंकण्यापेक्षा फारसं सोपं नव्हतं. आमचं मूळ गाव महाड तालुक्यातलं. अब्बा अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि आम्ही इथले झालो. घरात कोकणी बोली, शाळा मराठी, आणि संध्याकाळी उस्तादजींकडे कुराण. दादी म्हणाली, "फिरंग्यांच्या पडक्या किल्ल्यात पोरींनी काय बघायचं?" अम्मीनं विचारलं, मुलं बरोबर आहेत का. आहेत म्हटल्यावर ती गप्प झाली, आणि तिचं गप्प होणं दादीच्या बोलण्यापेक्षा जड असतं. त्यात थोरलीसाठी स्थळं यायला लागली होती आणि बी.ए.नंतर पुरे, असं घरात बोललं जात होतं. तेव्हा ही सहल म्हणजे नुसती सहल नव्हती. अब्बांनी शेवटी एकच अट घातली: मगरीबच्या आत घरी.

पहाटेच्या लोकलनं आम्ही निघालो. बदलापूरहून बसलेल्या मुली, अंबरनाथच्या आम्ही, उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमधली आमची सिंधी मैत्रीण. असे करत करत दिव्याला आम्ही बावीस जण उतरलो. दिवा-वसई ही गाडी मुंबईकरांना फारशी माहीत नसते. मुंबईची प्रत्येक गाडी मुंबईकडे जाते, असा आपला समज असतो. ही मात्र मुंबईकडे पाठ करून जाते. दिवसातून मोजक्याच फेऱ्या. चुकली तर तासन् तास बसा. कोपर सुटलं की खाडीवरचा पूल येतो आणि मग भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जुचंद्र अशी स्टेशनं, भातखाचरं, मिठागरं. पुलावर सर दारात उभे राहून म्हणाले, "ही तुमचीच नदी." आम्ही वाकून पाहिलं. बदलापूरला उन्हाळ्यात लोक जी चालत ओलांडतात ती हीच, हे पटायला वेळ लागला. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००५ ला, तिनं बदलापुरात घराघरात शिरून आपली ओळख करून दिली, ते वेगळं.

भिवंडी रोड आलं तेव्हा आम्ही दोघी खिडकीबाहेर न पाहता एकमेकींकडे पाहत होतो. भिवंडी म्हटलं की आमच्या घरात दोन सालं उच्चारली जातात, १९७० आणि १९८४. दादीच्या भावाचे माग दुसऱ्या सालात जळाले. डब्यातल्या बाकीच्यांसाठी ते एक स्टेशन होतं. तिथं एक चहावाला चढला, त्याचा चहा चांगला होता. गाडी सुटली.

वसईच्या किल्ल्याबद्दल आम्हाला पाठ्यपुस्तकातलं एकच वाक्य येत होतं: १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. सरांनी सुरुवात त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून केली. वसई गुजरातच्या सुलतानाची होती. १५३३ मध्ये नूनो द कुन्या या पोर्तुगीज गव्हर्नरानं तिच्यावर हल्ला केला तेव्हा इथला बंदोबस्त मलिक तुघानकडे होता. दिवच्या मलिक अयाझचा हा मुलगा. पुढं सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या कात्रीत सापडला आणि डिसेंबर १५३४ मध्ये त्यानं तह करून वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. दोन वर्षांनी, १५३७ मध्ये, दिवपाशी समुद्रातच पोर्तुगिजांच्या हातून तो मारला गेला. ज्यांना जमीन दिली त्यांच्याच हातून. इतिहासात असं वारंवार घडतं, तरी प्रत्येक सुलतानाला आपण अपवाद आहोत असं वाटतं.

आतला छोटा कोट, सॅन सेबॅस्टियनचा, सगळ्यांत जुना. १५३६ चा. त्याच्या दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह आहे आणि आकाशगोलाचं चिन्ह आहे, ज्याच्या आधारानं त्यांचे खलाशी समुद्र कापत. बाहेरचा मोठा तट नंतर उभा राहिला. त्याला दोन मुख्य दरवाजे, एक जमिनीकडचा आणि एक समुद्राकडचा. आत रस्ते, चौक, दवाखाना, मठ, एकामागून एक चर्चं. सेंट जोसेफच्या दर्शनी भागावर १६०१ साल कोरलेलं आहे. त्याच्या मनोऱ्यातला चक्राकार जिना अंधारा आणि अरुंद. आमच्या ओढण्या भिंतीला घासत होत्या. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवर थडग्यांचे दगड आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज अक्षरं. वर छप्पर नाही, आत झाडं. आम्ही चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कबरी पायाखाली येतात म्हटल्यावर पाय आपोआप अडखळले. एकीनं विचारलं, "तुम्ही का काढल्या?" आम्ही म्हटलं, "मेलेली माणसं आहेत ना." मग तिनंही काढल्या.

ही सगळी वस्ती खाशांची. तटाच्या आत फक्त उमरावांनाच घर करायची मुभा होती, असं जुन्या गॅझेटियरमध्ये म्हटलं आहे. पाथरवट, कोळी, शेतकरी दिवसा आत काम करत आणि राहत बाहेर. वसईचा दगड गोव्याच्या चर्चना जायचा, वसईत जहाजं बांधली जायची, आणि ते बांधणारे हात इथल्याच माणसांचे. उत्तरेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाचं हे मुख्य ठाणं. दमणही त्यात होतं आणि साष्टीही. खाडीनं वर गेलं की कल्याण-भिवंडी. ते निजामशाहीचं, १६३६ नंतर आदिलशाहीचं, १६५७ पासून शिवाजी महाराजांचं. म्हणजे जिथून आम्ही सकाळी निघालो तो मुलूख सरहद्दीच्या अलीकडे आणि जिथं आलो तो पलीकडे. १५७० मध्ये पोर्तुगिजांनी कल्याणच्या बाहेरची वस्ती जाळून लूट नेली ती याच खाडीनं येऊन. आणि पुढं कल्याण-भिवंडीला महाराजांची गलबतं बांधायला घेतली तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर होते, तेही याच खाडीनं आलेले. वसईच्या कॅप्टननं बोलावल्यावर काम टाकून परतलेले. सरहद्द नकाशावर रेघ असते. पाण्यावर तिचं काही चालत नाही.

पाण्यावर मात्र पोर्तुगिजांनी रेघ मारून दाखवली होती. सरांनी त्या दिवशी सांगितलेली जी गोष्ट आम्ही घरी येऊन अब्बांना पहिल्यांदा सांगितली ती हीच. अरबी समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला पोर्तुगिजांचा परवाना लागे, त्याला कार्ताझ म्हणत. परवाना नाही तर जहाज जप्त. हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे, आणि त्यावर मरियम आणि येशूची चित्रं असत. अकबराच्या दरबारात यावर वाद झाला, की असा कागद घेऊन हजला जावं का. काही उलेमांनी नको म्हटलं. अब्बा ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कागद कुणाचाही असो, नियत आपली असते." दादी म्हणाली, "कागदाशिवाय जाता आलं असतं तर बरं." हे संभाषण आमच्या घरात २००४ साली झालं. कागदपत्रांचा विषय पुढच्या वर्षांत घराघरात ज्या रीतीनं निघाला, तो तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.

दुपारी तटाच्या सावलीत सर १७३९ वर आले. फेब्रुवारीत वेढा पडला, सुरुंग लावून बुरूज उडवले, हजारो मराठे पडले, मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. चिमाजी अप्पांनी त्यांना शस्त्रांनिशी, मानानं, बायकापोरांसह आणि सामानासह जाऊ दिलं. इथं आमचा एक वर्गमित्र उठला. हुशार मुलगा, वक्तृत्वात बक्षिसं घेणारा. म्हणाला, "सर, म्हणजे परके ते परकेच. दोनशे पाच वर्षं राहिले तरी शेवटी जावंच लागलं." आणि बोलता बोलता त्यानं आमच्याकडे पाहिलं. कदाचित सहज पाहिलं असेल. पण आम्हाला ती नजर पाठ आहे. "तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?" असं विचारणाऱ्यांच्या डोळ्यात ती असते, आणि विचारणाऱ्याला तिचा पत्ता नसतो.

आम्ही काही बोललो नाही. बोलायचं पुष्कळ होतं. महाडकडची आमची सात पिढ्यांची कबर-जागा, शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान, सगळं जिभेवर होतं. पण दरवेळी पुरावे काढून दाखवायचे, म्हणजे आपणच आपल्यावर खटला भरल्यासारखं होतं. तोंड उघडलं ते आमच्या सिंधी मैत्रिणीनं. ती एरवी वर्गात फार बोलत नसे, तिच्या मराठीला लोक हसत. ती म्हणाली, "माझे आजोबा कराचीहून आले. आम्हाला इथं छप्पन्न वर्षं झालीत. अजून किती वर्षांनी जायचं, तेवढं सांग." कुणी हसलं नाही. त्या मुलानं "तसं नव्हतं म्हणायचं," असं काहीतरी म्हटलं.

सर चिडले नाहीत, भाषणही दिलं नाही. ते इतकंच म्हणाले, "कोण गेले ते पुस्तकात आहे. कोण राहिले ते बघायचं असेल तर डबे खाऊन घ्या आणि किल्लाबंदराकडे चला."

किल्ल्यातूनच एक रस्ता किल्लाबंदराच्या कोळीवाड्यात जातो. रविवार होता. चर्चमधून परतलेली माणसं घडी मोडलेल्या कपड्यांत दिसत होती, दारात जाळी वाळत होती, आणि सगळे मराठी बोलत होते. ख्रिस्ती कोळी. पोर्तुगीज गेले तेव्हा हे गेले नाहीत, कारण ते आलेच नव्हते. पोर्तुगीज अमलात या मुलखातली देवळं पडली, मशिदी पडल्या, कुणी मनानं आणि कुणी नाइलाजानं धर्म बदलला. पण मासा आणि खाडी तीच राहिली. वाटेत एक लाल लुगडं नेसलेली म्हातारी सुकेळी विकायला बसली होती. वसईच्या राजेळी केळ्यांची ही सुकवलेली केळी आम्ही पहिल्यांदाच खाल्ली. ती आतल्या गावची कुपारी बाई. 'कुपारी' हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आल्याचं सांगतात. तिची बोली अर्धी कळत होती आणि गंमत म्हणजे बाकीच्या वर्गापेक्षा आम्हाला जास्त कळत होती. तिच्या क्रियापदांच्या शेपट्या आमच्या दादीच्या बोलीसारख्या वळत होत्या. आम्ही दादीच्या बोलीत उत्तर दिलं. तिनं विचारलं, कुठल्या तुम्ही? आम्ही गाव सांगितलं, नावं सांगितली. ती म्हणाली, मुसलमान होय; बोलता तर आमच्यासारख्या. मग स्वतःच हसली. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला होता. तिथं त्याला विचारतात म्हणे, तुम्ही मूळचे पोर्तुगालचे का? तो सांगतो, मूळचे गिरीज-निर्मळच्या अलीकडचे. तिनं आमच्या हातावर दोन सुकेळी जास्त ठेवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

वसईचा एक मुलगा याच सरमिसळीतला. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई वसईची. व्यापारासाठी जपानला गेला, फ्रान्सिस्कन झाला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संत ठरला. त्याला परका म्हणायचं की घरचा, हे आम्ही त्या वर्गमित्राला परतीच्या गाडीत विचारणार होतो. पण तो दारात वारा खात उभा होता आणि आम्ही दमलो होतो. कामण रोडनंतर तो स्वतःच आला आणि आमच्या वहीतली सालं उतरवून घेऊ का, असं विचारलं. आम्ही वही दिली. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आम्हीही नाही. मगरीबच्या अजानीला पाच मिनिटं असताना आम्ही अंबरनाथला उतरलो.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, आमची भाची खऱ्याखुऱ्या युरोपातल्या सरहद्दीच्या शहरात एका दिवसाच्या सहलीला गेली. भावाची ही मुलगी बदलापूरला वाढली आणि इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीत कार्ल्सरूहला गेली. तिथून रेल्वेनं केलपर्यंत, आणि केलला ट्राममध्ये बसली की ऱ्हाइन नदीवरच्या पुलावरून फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग. ही ट्राम २०१७ मध्ये जर्मनीपर्यंत आली. तिनं पुलावरून फोन केला. "फुफी, एका टोकाला जर्मनी, दुसऱ्या टोकाला फ्रान्स, आणि कुणी काहीच विचारलं नाही!" दादी असती तर खूश झाली असती. तिनं गुलाबी दगडाचं एकच मनोरा असलेलं कॅथेड्रल दाखवलं, २०१२ मध्ये उघडलेली मोठी मशीद दाखवली. तिथं तिनं जोहर अदा केली.

पण तिच्या मनात राहिलं ते वेगळंच. तिथल्या रिपब्लिक चौकात १९३६ चं एक स्मारक आहे. एक आई, आणि तिच्या मांडीवर मरणारे दोन तरुण मुलगे. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. कारण ते शहर १८७१ मध्ये जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीनं घेतलं आणि १९४४ मध्ये पुन्हा फ्रान्सनं. पहिल्या महायुद्धात तिथली बहुतेक पोरं जर्मनीच्या बाजूनं मेली, काही फ्रान्सच्या बाजूनं. मग दगडावर कुठल्या देशासाठी मेले म्हणून लिहायचं? लिहिलंच नाही. नुसतं, हे आमचे मेलेले, अशा अर्थाचे शब्द आहेत. भाची म्हणाली, "फुफी, आपल्याकडे असं एखादं स्मारक भिवंडीत हवं होतं." आम्ही फोनवर गप्प राहिलो. ती भिवंडीत कधी राहिलेली नाही, पण घरात उच्चारली जाणारी सालं मुलांच्या कानावर पडतातच.

या स्ट्रासबर्गचा आणि उल्हासनगरचा एक योग आम्हाला नंतर सापडला. युद्धानं थकलेल्या देशांनी युरोप परिषद स्थापन केली, तिच्या सभेचं पहिलं अधिवेशन स्ट्रासबर्गला भरलं ते ऑगस्ट १९४९ मध्ये. त्याच महिन्यात, ८ ऑगस्टला, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि सिंधहून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांच्या त्या छावणीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. एका सरहद्दीवर माणसं रेघ पुसायला जमली होती. दुसऱ्या सरहद्दीनं हाकललेली माणसं लष्कराच्या बराकींत पडदे बांधून संसार मांडत होती. युरोपाचं कौतुक करताना हात राखून करावं, हेही खरं. भाचीच्या सहलीला पाच महिने होतात न होतात तोच, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे तोच पूल बंद झाला आणि ट्राम नदीच्या अलीकडेच थांबायला लागली. दोन गावांत वाटलेली कुटुंबं आपापल्या काठावर अडकली.

वसईहून आल्यावर पुढच्या रविवारी आमची सिंधी मैत्रीण आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. कॅम्प चारमध्ये जुन्या बराकीच्या जागी बांधलेलं दुमजली घर, खाली शिलाईचं दुकान. तिचे आजोबा खाटेवर बसले होते. वसईची हकीकत तिनं त्यांना सांगितली होती. ते आमच्याशी हिंदीत बोलले. कराचीहून बोटीनं मुंबईला आल्याचं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. त्यांना बोलायचं होतं ते शाळेबद्दल. त्यांनी उशाखालून एक पुस्तक काढलं. त्यांचं शाळेतलं वाचनाचं पुस्तक, पानं पिवळी. सिंधी, पण अरबी वळणाच्या लिपीत. नातीला ती लिपी येत नव्हती. ती इंग्रजी शाळेत शिकलेली. आता त्यांची नजरही गेली होती. ते म्हणाले, "तुम्ही कुराण वाचता ना? मग हे वाचा."

आम्ही आळीपाळीनं वाचायला लागलो. अलिफ, बे, जीम आमच्या ओळखीचे. पण सिंधीत बावन्न अक्षरं, काहींना चार-चार नुक्ते, ती आम्हाला अडवत. आम्ही अडलो की आजोबा डोळे मिटून तो आवाज स्वतः करून दाखवत, आम्ही तो उचलत आणि पुढं जात. आम्हाला शब्द कळत नव्हते. आम्ही वाचायचं, त्यांनी अर्थ सांगायचा, आणि मैत्रिणीनं तो वहीत देवनागरीत लिहून घ्यायचा, असं चाललं होतं. पहिला धडा नदीचा होता. सिंधू नदीचा. दोन पानं झाली तेव्हा तिची आई चहा आणि पापड घेऊन आली. आजोबांनी हातानंच तिला थांबायला सांगितलं. "हा धडा संपू दे," ते म्हणाले, "अजून अर्धं पान आहे."